२० ऑगस्ट १९६९ : राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीची मतमोजणी

* ‘पहिला आकडा आला, पण निकाल लागला नव्हता’ : या वाक्याला मतमोजणीच्या पद्धतीचा आधार आहे. टीव्ही तेव्हा फक्त दिल्लीत होता. त्यामुळे इतरत्र निकाल कळायचा तो रेडिओवरच्या बातम्यांतून आणि वर्तमानपत्रांतून. राष्ट्रपती निवडतात संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य, म्हणजे खासदार आणि आमदार. तेव्हा एका खासदाराच्या मताचं मूल्य ५७६ होतं. आमदाराचं राज्याच्या लोकसंख्येवर ठरे. मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो आणि जिंकायला वैध मतमूल्याच्या निम्म्याहून अधिक लागतं. त्या दिवशी हा कोटा ४,१८,१६९ होता. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी यांना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि चिंतामणराव देशमुख यांना १,१२,७६९ मतमूल्य मिळालं. कोटा कोणीच गाठला नाही. मग तळाचे उमेदवार एकेक करून बाद झाले, शेवटी देशमुखही. त्यांच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटल्या गेल्या. त्यांतला मोठा वाटा रेड्डींकडे गेला, तरी गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले, म्हणजे कोट्याच्या जेमतेम १,९०८ पुढे. रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबई महाराष्ट्राला मिळावी या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव स्वतः हरले, पण निकाल ठरला तो त्यांच्या मतदारांच्या दुसऱ्या पसंतीवर. मराठी वाचकाने हे विसरू नये.