श्रमाचा जमाखर्च

इतिहास म्हटला की राजे, किल्ले आणि लढाया डोळ्यांसमोर येतात. पण साध्या माणसाच्या अंगमेहनतीलाही इतिहास असतो. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात तो वाचायला पोथी नको. घाटाच्या पायऱ्याच तो सांगतात.

नाणेघाटच घ्या. सुमारे २,००० वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळी, सोपारा-कल्याणकडचा माल या वाटेने जुन्नरला चढत असे. घाटातल्या लेण्यात राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञात दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी यांची त्यात मोजदाद आहे. ओझे घेऊन चढणाऱ्याच्या घामाची नाही. ती आपण करून पाहू. ६० किलो वजनाचा माणूस १०० मीटर उंची चढला की सुमारे ५५ उष्मांक जादा खर्ची पडतात. पाठीवर ओझे असले तर याहून अधिक. आणि घाटाची चढण अशा कित्येक शंभर मीटरांची!

घरीदारीही तेच. पहाटे जाते, मग उखळात भात कांडणे, डोईवर पाण्याचा हंडा, रानातून सरपणाची मोळी. गडी माणूस मोटेच्या धावेवर दिवसभर येरझारा घाली. जाते ओढायला स्वस्थ बसण्याच्या सुमारे चौपट शक्ती लागते. अशा घरात वजन उतरवायचे कसे, हा प्रश्न कुणाला पडणार?

पण म्हणून ते दिवस सोन्याचे होते असे समजू नका. आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ साली गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. ज्यांना गरोदरपणी अधिक कष्ट पडत, त्यांची बाळे जन्मतः लहान भरत, असे त्यातून दिसले. तेव्हा जाते गेले याचे दुःख करण्याचे कारण नाही.

पुढे कुकडी प्रकल्प आला. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी धरणे झाली. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव पडले, ते जुने गाव डिंभ्याच्या पाण्याखाली गेले. खाली मात्र बागायत फुलली. मोटेच्या जागी पंप, जात्याच्या जागी गिरणी, पायवाटेच्या जागी मोटारसायकल आली. खर्चाची बाजू आखडली. जमेची मात्र तशीच राहिली, उलट साखरेच्या चहाने वाढली. शिल्लक उरते ती पोटावर.

आता थोडे गणित करू. अंगावरचा एक किलो मेद म्हणजे ढोबळ मानाने ७,७०० उष्मांक. तासभर झपझप चालले तर बसून राहण्यापेक्षा सुमारे १५० उष्मांक जास्त खर्ची पडतात. रोज चालले तर किलोभर मेद उतरायला ५० दिवस हवेत. शरीर इतर खर्च आवरते घेते, म्हणून प्रत्यक्षात वेळ आणखी लागतो. आणि दुधासाखरेचे दोन कप चहा म्हणजेही जवळजवळ १५०! चालून आलो म्हणून दोन कप जास्त घेतले, तर हिशेब शून्य.

म्हणून दोन्ही बाजू सांभाळाव्यात. मळा मैलभरावर असेल तर गाडी घरी ठेवावी. विहिरीवर, गोठ्यात, अंगणात हात चालता ठेवावा. चहातली साखर आणि ताटातले तळण कमी करावे. वजन पटकन उतरले नाही तरी चालणे सोडू नये; हृदयाला आणि साखरेच्या विकाराला त्याचा गुण येतोच. गरोदर बाईच्या डोक्यावर मात्र हंडा देऊ नये. तो घरातल्या गड्याने उचलावा, त्याचेही उष्मांक खर्ची पडतील.

शिक्षक बंधुभगिनींनो, एक काम तुमच्याकडे. आजीचा लहानपणीचा दिवस कसा जाई, ते मुलांना घरी विचारायला सांगा आणि त्याच्या शेजारी स्वतःचा दिवस लिहायला लावा. किती चालणे, किती बसणे, ते फळ्यावर मांडा. दोन पिढ्यांचा तो इतिहास मुलांच्याच हातचा असेल.