बार्शीची पेठ आणि छोटी रेल्वे

सोलापूर जिल्ह्याच्या उत्तर भागात, बालाघाटच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेल्या बार्शीला व्यापारी महत्त्व आले ते तिच्या जागेमुळे. घाटमाथ्यावर निजामाचा मराठवाडा आणि खाली ब्रिटिश मुलूख अशी विभागणी असताना वरचा कापूस आणि गळिताची धान्ये बैलगाड्यांतून या पेठेत उतरत, आडत्यांच्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल ठराविक मोबदल्यावर विकून देणाऱ्या व्यापाऱ्यांच्या, दुकानी त्यांचा सौदा होई आणि तेथून माल मुंबईच्या वाटेला लागे.

1860 च्या आसपास ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुंबईहून सोलापूरकडे जाणारा मार्ग या टापूतून गेला खरा, परंतु तो बार्शीपासून सुमारे 35 किलोमीटर दूर, कुर्डुवाडीवरून गेला. तेथील स्थानक 'बार्शी रोड' या नावाने ओळखले जाई. पेठ आणि स्थानक यांच्यामधली वाट काळ्या जमिनीची होती आणि पावसाळ्यात गाड्यांची चाके चिखलात रुतत असल्यामुळे ही वाहतूक संथ आणि खर्चाची ठरे.

ही उणीव एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने हेरली. त्याने स्थापन केलेल्या बार्शी लाइट रेल्वे कंपनीचा मार्ग 1897 मध्ये सुरू झाला. दोन रुळांमधले अंतर अवघे 762 मिलिमीटर ठेवलेल्या या नॅरो गेज मार्गाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या गाड्यांच्या रचनेत होते : इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर (दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर) पाच टनांहून अधिक भार पडू नये, असा दंडक कॅलथ्रॉपने घालून घेतला. लीड्सच्या किट्सन कंपनीने बनवलेल्या इंजिनांना आठ जोडचाके आणि मागे आणखी चार चाके होती, ती याच कारणासाठी. वजन अनेक चाकांवर विभागले गेल्याने हलक्या, स्वस्त रुळांवरूनही भरपूर माल नेता येई. मोठ्या मार्गाची लहान नक्कल न करता मार्ग, इंजिन आणि वाघीण यांचा एकत्र विचार करणारी ही योजना हिंदुस्थानातील छोट्या रेल्वेच्या इतिहासात अव्वल दर्जाची मानली पाहिजे.

मात्र या योजनेची एक किंमत होती आणि ती कुर्डुवाडीच्या फलाटावर मोजावी लागे. रुळांची मापे वेगळी असल्याने कापसाची प्रत्येक गाठ आणि धान्याचे प्रत्येक पोते हमालांना छोट्या वाघिणीतून काढून मोठ्या वाघिणीत चढवावे लागे. म्हणजे वेळ जाई, हमाली वाढे आणि मालाची नासधूसही होई.

पेठेच्या दृष्टीने अधिक निर्णायक गोष्ट पुढे घडली. बार्शी हे शेवटचे स्थानक होते तोवर घाटावरच्या मालाला तेथे थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते. परंतु रूळ पूर्वेकडे वाढत 1911 मध्ये लातूरला पोहोचले आणि मराठवाड्याच्या पोटातच माल गाडीत भरण्याची सोय झाली. दुसऱ्या दिशेने हा मार्ग पंढरपूरपर्यंत आणि 1927 मध्ये मिरजेपर्यंत गेला, वारकऱ्यांची मोठी ने-आण त्याने केली आणि एकूण लांबी सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात गेली. लातूरच्या बाजाराच्या उत्कर्षामागे इतरही कारणे आहेत, तरी बार्शीच्या मक्तेदारीला पहिला धक्का तिच्याच नावाच्या रेल्वेने दिला, हे नाकारता येत नाही.

1954 मध्ये सरकारने ही रेल्वे विकत घेतली. तोवर रस्त्यांचे युग सुरू झाले होते : 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली, पुढे एसटीचे जाळे तालुक्यातालुक्यात पसरले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर घाटमाथ्याची राजकीय सीमाही कालांतराने पुसली गेली. मालट्रक शेतातून थेट मोठ्या बाजारात जाऊ लागल्यावर अधल्यामधल्या पेठेत माल उतरवण्याची गरज कमी झाली, आणि गावोगावचा बाजारकरी फलाटाऐवजी एसटी स्टँडकडे वळला.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कुर्डुवाडी–लातूर मार्ग ब्रॉड गेज झाला आणि कुर्डुवाडीची माल-बदली संपली. जुन्या नॅरो गेजने बाजूला ठेवलेले उस्मानाबाद शहरही याच वेळी नव्या आखणीत रेल्वेच्या मार्गावर आले.