जिल्ह्याची सीमा आणि लोकांचा कौल

खानदेशच्या नकाशावर तीन मोठ्या रेघा ओढल्या गेल्या आहेत. १८६९ सालीं नाशिक जिल्हा निर्माण झाला, तेव्हां मालेगांव, नांदगांव व बागलाण हा मुलूख खानदेशांतून निघाला. १९०६ सालीं उरलेल्या जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. एकाचें ठाणें जळगांव, दुसऱ्याचें धुळें. पुढें १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून सहा तालुक्यांचा नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. पहिल्या दोन रेघा परक्या सरकारनें ओढल्या, तिसरी आपल्याच सरकारनें. परंतु ज्यांच्या मुलखांतून त्या गेल्या, त्यांचें मत तिन्ही वेळां घेतलें गेलें नाहीं.

ही गोष्ट लहान नव्हे. जिल्ह्याचें ठाणें म्हणजे कलेक्टर कचेरी, कोर्ट आणि मोठा दवाखाना. सातपुड्यांतील अक्राणीच्या शेतकऱ्यास पूर्वीं डोंगर उतरून, तापी ओलांडून धुळ्यास जावें लागे. नव्या जिल्ह्यानें हें अंतर कमी केलें, हें त्याचें श्रेय. परंतु नंदुरबार शहरही तापीच्या दक्षिणेसच आहे. नदी ओलांडणें चुकलें नाहीं. नंदुरबारास रेल्वे आहे, जुनी बाजारपेठ आहे. निवड अयोग्य म्हणतां येणार नाहीं. तथापि शहादें किंवा तळोदें उत्तर तीरावर असतां, डोंगरांतील लोकांनीं कोणतें ठाणें पसंत केलें असतें, हें मतपेटीनें सांगितलेलें नाहीं.

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणें जिल्हा निर्माण करण्याचा अधिकार राज्यसरकारचा आहे. मसुदा आधीं प्रसिद्ध होतो, लोकांस हरकती घेतां येतात. पण हरकत हा अर्ज आहे, निर्णय नव्हे.

लोकांस विचारणें अशक्य मात्र नाहीं. १६ जानेवारी १९६७ रोजीं गोव्यांत कौल घेतला गेला. महाराष्ट्रांत विलीन होण्यास १,३८,१७० मतें पडलीं, केंद्रशासित राहण्यास १,७२,१९१. महाराष्ट्रांत पुष्कळांची निराशा झाली. पण प्रश्न मतानें सुटला.

मग विचारावयाचें कोणास? सबंध जिल्ह्यास विचारलें, तर शहराभोवतालची बहुसंख्या दूरच्या डोंगरास अडवूं शकेल. स्वित्झर्लंडनें येथें एक वाट दाखविली आहे. बर्न प्रांतांतून जुरा वेगळा करावा काय, हें १९७४ सालीं साऱ्या जुरा प्रदेशास विचारलें गेलें. दुसऱ्या वर्षीं दक्षिणेकडील जिल्ह्यांस, आणि त्यानंतर सीमेवरील गांवांस, पुन्हां निराळें विचारलें. दक्षिणेकडील तीन जिल्हे बर्नमध्येंच राहिले. उत्तरेकडील तीन जिल्ह्यांचा नवा प्रांत १९७९ सालीं झाला. आधीं प्रदेश, मग सीमेवरचें गांव, हा क्रम मला न्याय्य वाटतो.

जळगांव जिल्ह्यांतून भुसावळ वेगळा करावा, ही मागणी जुनी आहे. ती कधीं मान्य झालीच, तर रावेर, यावल वा बोदवडच्या गांवकऱ्यानें कोणत्या ठाण्याचा रस्ता धरावा, हा प्रश्न मुंबईच्या नकाशावर सुटण्यापूर्वीं त्याच्या गांवांत विचारला जावा. रस्ता त्यालाच तुडवावयाचा आहे.