तळटीप : ओळख परेड

ओळख परेड : संशयिताला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या इतरांत उभे करून साक्षीदाराकडून ओळखवून घेणे. खरा पुरावा म्हणजे न्यायालयात शपथेवर पटवलेली ओळख, परेड तिला फक्त दुजोरा देते (भारतीय पुरावा कायदा, 1872, कलम 9, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियम, कलम 7). एखाद्या दरोड्याचा खटला सत्र न्यायालयातून अपिलात उच्च न्यायालयात गेला, तरी तिथे प्रश्न हेच : उजेड किती होता, चोरटे किती वेळ समोर होते, परेड किती दिवसांनी झाली, त्याआधी आरोपींचे चेहरे साक्षीदाराला दाखवले होते का?

हे प्रश्न किती जिवावरचे आहेत, ते नाशिकजवळच्या 2003 च्या दरोडा व खून प्रकरणात दिसते. जखमी साक्षीदार महिलेने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून चार वेगळीच माणसे ओळखली होती. त्यांचा तपास झालाच नाही. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी ठोठावली. त्याच न्यायालयाने 5 मार्च 2019 रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. साक्षीदार प्रामाणिक असला, तरी भेदरलेली नजर चुकू शकते; म्हणून अपिलात ओळखीचा पुरावा पहिल्यापासून तपासायलाच हवा.