शिडाच्या नौकेतील सुखसोय आणि तिचे कारागीर : ‘सुहैली’ ते ‘तुरिया’

भारतीय नौकानयनाच्या इतिहासात आरमार, व्यापार आणि बंदरे यांना जेवढे स्थान मिळाले तेवढे नौकेच्या आतल्या जागेला मिळाले नाही. खलाशी कोठे झोपतो, अन्न कसे शिजवतो, गोडे पाणी कशात साठवतो, सुकाणू सोडून घटकाभर पाठ टेकता येते की नाही, हे प्रश्न अभ्यासकांनी गौण मानले. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नागपूरसारख्या ठिकाणी तर ते अधिकच परके वाटावेत. वस्तुतः महिनोन्‌महिने चालणाऱ्या शिडाच्या प्रवासात सुखसोय ही चैन नसते. थकलेला नाविक चुकतो, आणि तेथे चुकीला क्षमा नसते. ही सोय नौका बांधतानाच तिच्यात घालावी लागते. म्हणून तिचे श्रेय नाविकाइतकेच कारागिराकडेही जाते. मुंबई व गोवा येथे बांधल्या गेलेल्या काही नौकांच्या आधारे प्रस्तुत लेखात हा मुद्दा तपासला आहे.

मुंबईच्या सागवानी बांधणीची कीर्ती जुनी आहे. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने गोदीत शतकाहून अधिक काळ जहाजे बांधली. १८१७ साली येथे तयार झालेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही जतन केलेले आहे. ही परंपरा मोठ्या जहाजांची. लहान नौकेचा महत्त्वाचा दाखला त्यानंतर बऱ्याच काळाने, १९६० च्या दशकात, कुलाब्यात सापडतो.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण ब्रिटिश जहाज-अधिकारी त्या काळी मुंबईत येत-जात असे. मायदेशी परतण्यासाठी त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना स्वतःची नौका हवी होती. मागवला होता एक नकाशा आणि हाती आला दुसराच : विल्यम ॲटकिन यांनी १९२० च्या दशकात आखलेल्या ‘एरिक’ नौकेचा. तो नॉर्वेतील बचाव-नौकांच्या धर्तीवर बेतलेला होता. वेळ थोडा असल्यामुळे त्याच नकाशावर काम सुरू झाले. सुमारे ३२ फूट लांबीची, दोन्ही टोके निमुळती असलेली, दोन डोलकाठ्यांची सागवानी ‘सुहैली’ १९६४ अखेर पाण्यात उतरली. कुलाब्याच्या सुतारांनी वाकसाने लाकूड तासले आणि सामत्याने भोके पाडली. हातची अवजारे तीच, पिढ्यान्‌पिढ्यांची.

ही शर्यतीची नौका नव्हती. जड, संथ, रुंद पोटाची, सामान आणि माणसे निवांत नेणारी अशी तिची घडण होती. तरीही १४ जून १९६८ रोजी फालमथहून निघून २२ एप्रिल १९६९ रोजी, म्हणजे ३१२ दिवसांनी, ती तेथेच परतली. एकट्याने, कोठेही न थांबता केलेली ती पहिली पृथ्वीप्रदक्षिणा होय. त्या स्पर्धेत नऊ जण उतरले होते. पूर्ण करणारा हा एकच. वाटेत नौका आडवी झाली, केबिनचे सांधे हलले, टाक्यांतील पिण्याचे पाणी बिघडले आणि पावसाच्या पाण्यावर निर्वाह करावा लागला. आपोआप दिशा राखणारे यंत्रही मोडले. तेव्हा उपयोगी पडला तो लांब तळकणा आणि दोन डोलकाठ्यांवरील शिडांचा तोल. शिडे नीट जुळवली की नौका आपली वाट आपण धरी, आणि नाविकाला झोप मिळे. सुखसोयीची याहून चांगली व्याख्या शोधण्याची गरज नाही. पुढे ॲटकिन आणि नॉक्स-जॉन्स्टन यांची नावे नौकानयनाच्या जगात सर्वतोमुखी झाली. कुलाब्याच्या सुतारांची झाली नाहीत.

चार दशकांनंतर गोव्यात चित्र वेगळे दिसते. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या कल्पनेतून भारतीय नौदलाने सागर परिक्रमा हाती घेतली. मांडवीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली. नकाशा डच होता. देवदाराच्या पट्ट्या आणि इपॉक्सी यांची बांधणी गोव्यातली. अशा आकाराच्या शिडाच्या नौकेचा पूर्वानुभव कारखान्याला नव्हता. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी १९ ऑगस्टला कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये, चार बंदरांत थांबून, परतले. याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. या वेळी दांडेकरांचे नाव नाविकांच्या नावाबरोबर घेतले गेले, ही इतिहासाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

एकट्यासाठी योग्य ठरलेली जागा सहा जणींना पुरेल काय? त्याच आराखड्यावर, त्याच कारखान्यात तयार झालेल्या ‘तारिणी’ने या प्रश्नाचे उत्तर दिले. सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी तिच्यातून जगप्रदक्षिणा करून आल्या. सुकाणूच्या बिघाडामुळे त्यांना मॉरिशसला थांबावे लागले होते. २०२४-२५ मध्ये तीच नौका केवळ दोघींनी, दिलना के. व रूपा ए. यांनी, पुन्हा जगाभोवती नेली.

मधल्या काळात एक विलक्षण योग जुळून आला. पहिल्या स्पर्धेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त २०१८ मध्ये जुन्याच साधनांनी नवी स्पर्धा भरली आणि तिच्यासाठी ‘सुहैली’चाच आराखडा घेऊन गोव्यात ‘तुरिया’ बांधली गेली. मुंबईहून गेलेला नकाशा अर्ध्या शतकाने त्याच किनाऱ्यावर परतला. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या आणि अभिलाष टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. त्यांना उठताही येत नव्हते. २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ हे फ्रेंच जहाज पोहोचेपर्यंत ते केबिनमध्ये पडून होते. शिडे गेली होती, काठ्या गेल्या होत्या. दांडेकरांच्या कारखान्यातले नौकेचे अंग मात्र पाण्यावर टिकून होते.