थंडीत गाडी का रुसते? हँडलपासून हीटरपर्यंतची गोष्ट

आजचा भाग एका लोंबत्या वायरपासून सुरू करतो.

दोन वर्षांपूर्वी कंपनीने मला अमेरिकेत, नॉर्थ डकोटा राज्यातल्या फार्गोला पाठवलं. मी सांगलीचा. थंडी म्हणजे स्वेटर आणि शेकोटी, एवढीच माझी ओळख. तिथे एक जुनी गाडी घेतली. तिच्या पुढच्या जाळीतून एक प्लग लोंबत होता. मला वाटलं, आधीच्या मालकाचं काहीतरी अर्धवट राहिलेलं काम असेल. मी तो गुंडाळून आत चिकटपट्टीने चिकटवून टाकला.

जानेवारीत एका पहाटे माझा रूममेट बसने येणार होता. बाहेर उणे 27. मी चावी फिरवली. स्टार्टरने एकदा जड आवाज काढला, मग नुसतंच टक-टक. तिकडे तो बंद ऑफिसच्या आडोशाला उभा, आणि थंडीने त्याचा फोनही बंद पडलेला. शेवटी शेजारच्या काकांना उठवलं. त्यांनी जंपर केबल लावून गाडी चालू करून दिली आणि चिकटपट्टीकडे बघत विचारलं, ‘रात्री प्लग लावला नव्हतास?’

गाडीला प्लग लावायचा असतो, हे मला तेव्हा कळलं. मी पोचेपर्यंत पाऊण तास झाला होता. रूममेटची दोन बोटं आठवडाभर बधिर होती. तो काही बोलला नाही, पण मी मात्र त्या प्लगच्या मागे लागलो.

तर आधी थोडं मागे जाऊ. सुरुवातीच्या पेट्रोल गाड्या हँडल मारून चालू व्हायच्या. आपल्याकडेही जुन्या जीपला हँडल असायचं. माझे आजोबा सांगायचे, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलला विळखा घालायचा नाही. कारण ठिणगी लवकर पडली तर इंजिन उलटा झटका देतं आणि मनगट मोडतं. थंडीत तर आणखी वाईट. तेल घट्ट झालेलं, त्यामुळे हँडल हलता हलत नाही.

यावर तोडगा काढला ओहायोतल्या डेटनच्या चार्ल्स केटरिंगने. तो आधी गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता. तिथे त्याने गल्ला उघडायला छोटी विजेची मोटर बसवली होती. तेव्हा लोक म्हणायचे, इंजिन फिरवायचं तर इंजिनाएवढीच मोठी मोटर लागेल. केटरिंगचं उत्तर गल्ल्यातच होतं. मोटर दिवसभर कुठे चालवायचीये? काही सेकंद जोर लावला की झालं. तेवढ्या वेळापुरता छोट्या मोटरवर जादा भार टाकला तरी ती जळत नाही. 1912च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये त्याचा सेल्फ-स्टार्टर आला आणि हळूहळू हँडल गेलं.

पण मंडळी, हँडलचं काम आता बॅटरीवर आलं. ही शिसं आणि आम्लाची बॅटरी 1859 साली फ्रान्समध्ये गॅस्तों प्लांतेने बनवली होती. तिच्यात वीज भरून ठेवलेली नसते, मागाल तेव्हा रासायनिक क्रियेतून तयार होते. थंडीत ही क्रिया मंदावते. उणे 18ला चांगली बॅटरीसुद्धा साधारण निम्माच जोर देते. आणि त्याच वेळी तेल घट्ट झाल्यामुळे इंजिनाला जास्त जोर लागतो. म्हणजे कमाई निम्मी आणि खर्च दुप्पट.

याची मोठी किंमत 1941च्या हिवाळ्यात मॉस्कोच्या वाटेवर जर्मन सैन्याने मोजली. रणगाडे चालू होईनात. इंजिनाखाली जाळ करायचा, नाहीतर रात्रभर इंजिन चालू ठेवून इंधन जाळायचं. समोरच्या सोव्हिएत टी-34 रणगाड्यात मात्र दाबलेल्या हवेच्या बाटल्या होत्या. बॅटरीने मान टाकली तर हवेच्या जोरावर इंजिन फिरवायची सोय. थंडीत बॅटरीच्या भरवशावर राहायचं नाही, हे त्यांनी आधीच धरून ठेवलं होतं.

आता माझा प्लग. फार्गोहून सव्वाशे-एक किलोमीटरवर ग्रँड फोर्क्स आहे. तिथल्या अँड्र्यू फ्रीमनने जुन्या इस्त्रीची कॉइल आणि भंगारातली तांब्याची नळी वापरून इंजिन गरम ठेवणारा हीटर बनवला. 1949 साली त्याला पेटंट मिळालं. रात्री प्लग लावला की सकाळी इंजिन कोमट राहतं आणि बॅटरीला कमी जोर लावावा लागतो. गंमत बघा, त्याने बॅटरीला हातच लावला नाही. तिच्यावरचं ओझं कमी केलं. आजही तिथल्या पार्किंगमध्ये खांबाखांबावर सॉकेट दिसतात.

पुढे 1950च्या दशकाच्या मध्यात अमेरिकन गाड्या 6 व्होल्टवरून 12 व्होल्टवर आल्या. तेवढ्याच ताकदीला निम्मा करंट पुरू लागला. थंडीसाठी बॅटरीवर वेगळा आकडाही आला, सीसीए. उणे 18ला 30 सेकंद बॅटरी किती अँपिअर देऊ शकते, ते तो सांगतो. थंड प्रदेशात बॅटरी घेताना हाच आकडा बघायचा.

काकांनी मला आणखी तीन गोष्टी शिकवल्या, त्या मनाली-लेहला जाणाऱ्यांनीही लक्षात ठेवाव्यात. एक, बॅटरी पूर्ण चार्ज ठेवा. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे 60च्या आसपास गोठतं, पण उतरलेल्या बॅटरीत ते जवळपास पाणीच असतं, उणे 8-10ला गोठतं. पाच मिनिटांच्या फेऱ्यांनी बॅटरी भरत नाही. दोन, गोठलेल्या, फुगलेल्या बॅटरीला जंप देऊ नका, ती फुटू शकते. तीन, टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी साफ ठेवा आणि बॅटरी थंडीच्या आधीच तपासून घ्या. कारण बॅटरी खराब होते ती मुख्यतः उन्हाळ्याच्या उष्णतेने. थंडीत फक्त ते उघडकीला येतं. नागपूरकरांनो, तुमची गाडी डिसेंबरात रुसली तर मे महिना आठवा.

हँडलच्या काळात गाडीसाठी सकाळी मनगट लागायचं. आता आदल्या रात्रीची आठवण लागते. कष्ट कमी झाले, पण काळजी घ्यायचं काम माणसाकडेच राहिलं. मी त्या दिवशी संध्याकाळी चिकटपट्टी काढली आणि दाराच्या आतल्या बाजूला मराठीत कागद लावला, ‘प्लग लावला का?’ खाली रूममेटने पेनाने लिहिलं, ‘बोटं मोजून घे.’

तुमच्या घरी कुणी हँडल मारलेलं असेल, तर आजच त्यांना विचारा आणि ती गोष्ट आम्हाला पाठवा. भेटूया पुढच्या भागात!