उरलेल्या लोकरीचा ससा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

महाराष्ट्रात थंडीची बातमी आली की निफाडचे नाव येतेच. तिथला पारा उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, आणि एके काळी त्याच सुमारास नाशिकच्या घराघरांत माळ्यावरची लोकरीची पिशवी खाली येत असे. कोणाचा स्वेटर, कोणाची कानटोपी, कोणाच्या बाळंतविड्यातले मोजे. सगळे विणून झाले की पिशवीच्या तळाशी चार-सहा छोटे गुंडे उरत. एक निळा, एक पिवळा, एक आजोबांच्या मफलरचा राखी. त्यातून व्हायचा ससा, बदक, टोपीवाला बाहुला, पाळण्यावरच्या चिमणाळ्यातल्या चिमण्या. या उरलेल्या लोकरीच्या खेळण्यांना इतिहास असतो का, असे कोणी विचारील. असतो, आणि तो बायकांच्या श्रमाच्या हिशेबाचा इतिहास आहे.

पहिली गोष्ट म्हणजे लोकर आपल्याला नवी नाही, पण सुईवरचे विणकाम त्या मानाने नवे आहे. आमच्या धनगरांनी शतकानुशतके दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी केली, ती मागावर. ती लोकर इतकी भरड की तिचे टोपडे बाळाच्या डोक्यावर कोणी घालणार नाही. सुया, क्रोशा आणि मऊ लोकर आमच्या मध्यमवर्गीय घरांत आली ती मुख्यतः मिशन आणि छावणी या दोन वाटांनी. सिंथिया फरार या अमेरिकन मिशनरी बाई १८२७च्या अखेरीस मुंबईला आल्या आणि त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. नाशिकला चर्च मिशनरी सोसायटीचे काम १८३२पासून सुरू झाले, १८५४ साली शरणपूरची वसाहत उभी राहिली. आजचा शरणपूर रोड तिचेच नाव सांगतो. मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचन-लेखनाच्या जोडीला सुईकाम हा ठरलेला विषय असे. दुसऱ्या बाजूला देवळालीची छावणी होतीच. पुढे कानपूरची लाल इमली आणि पंजाबातली धारीवाल या गिरण्यांची लोकर बाजारात मिळू लागली, आणि साहेबाच्या घरातली सुई वकील-मास्तरांच्या घरांत शिरली.

पण ती आली तेव्हा तिच्या मागे दोन वेगळ्या कहाण्या होत्या. एक आयर्लंडची. तिथे १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात बायकांनी क्रोशाच्या लेस विकून घरे जगवली. तिथे क्रोशा म्हणजे चार पैसे. दुसरी कहाणी इंग्लंडच्या दिवाणखान्यातली. तिथे १८४०च्या सुमारास नमुन्यांची छापील पुस्तके निघू लागली आणि विणकाम हे चांगल्या घरच्या मुलीचे लक्षण ठरले. पहिली कहाणी आपल्या देशात आंध्रच्या नरसापूरला रुजली. तिथे मिशनरी बायकांनी शिकवलेल्या लेसकामातून मोठा धंदा उभा राहिला. मारिया मीस या समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यावर १९८२ साली पुस्तक लिहिले. बायका दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास लेस विणत होत्या. पण त्यांना 'घरी बसलेल्या गृहिणी' समजले जाई, काम 'फावल्या वेळचे' मानले जाई, आणि म्हणून मजुरी नाममात्र होती. माल मात्र परदेशी जात होता.

महाराष्ट्रात रुजली ती दिवाणखान्याची कहाणी. तिला आपण रुखवताची जोड दिली. रुखवत म्हणजे मूळ वरपक्षासाठी न्यायचे खाद्यपदार्थ. पुढे त्यात मुलीच्या हातच्या वस्तूंची आरास आली. लाडवांच्या चळतीशेजारी लोकरीचा पोपट, क्रोशाचे तोरण, बाटलीवर चढवलेली घेरदार झग्याची बाहुली. मांडवातल्या बायका ती हातात घेऊन उलटी करून बघत, शिवण कुठे दिसते का ते! परीक्षा खेळण्याची नव्हे, मुलीची असे. अर्थात, यात मुलींना काहीच आनंद नव्हता असे म्हणणे खोटे ठरेल. मासिकात आलेला नमुना मैत्रिणीकडून उतरवून घ्यायचा, त्यात आपल्या मनाने कान लांब करायचे, हा त्या काळच्या मुलींच्या हातात असलेला थोडा मोकळा प्रदेश होता. पण पैशाचा प्रश्न तिथे निघालाच नाही. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने १९०९पासून शिवणकाम पोटापाण्याशी जोडले, ते वेगळे. घरातल्या सुईला मात्र कमाईचे साधन म्हणून मान मिळाला नाही.

युद्धाच्या काळात तेवढी ही सुई सार्वजनिक झाली. पहिल्या महायुद्धात मुंबईत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने बायकांच्या मदतनिधी शाखेने सैनिकांसाठी कपडे जमवले. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये जून १९४१पासून कपड्यांवर, अगदी लोकरीवरही, रेशन आले. बाजारात खेळणी मिळेनात, तेव्हा आयांनी जुने स्वेटर उसवून अस्वले विणली. आणि आपल्याकडे १९६२. चिनी आक्रमणाच्या त्या हिवाळ्यात गावोगावच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर-मफलर विणले. त्याच नोव्हेंबरात संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण पुढे नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध गेले. देशासाठी विणले त्याचे मोल कोणी मागितले नाही, मागायचेही नव्हते. मात्र 'बायका विणतात ते असेच, प्रेमाने' ही समजूत त्यातून आणखी घट्ट झाली.

आता प्रत्यक्ष काम कसे असते ते पाहू, कारण मोल तिथेच लपलेले आहे.

स्वेटर विणता येतो म्हणून खेळणे जमते असे नाही. स्वेटरची वीण सैल हवी, अंगावर पडली पाहिजे. खेळण्याची वीण सैल राहिली तर आतला कापूस डोकावतो. म्हणून ज्या लोकरीला दहा नंबरची सुई, तिला खेळण्यासाठी बारा नंबरची, म्हणजे अधिक बारीक, घ्यावी लागते. हात दुखतो. सगळ्यात सोपा ससा एका चौकोनातून होतो. सुलट-सुलट विणलेला चौकोन घ्यायचा, मधल्या रेषेवर एक दोरा ओवायचा, तोच दोरा दोन्ही बाजूंनी वरच्या कडेच्या मध्यापर्यंत नेऊन त्रिकोण करायचा. त्रिकोणात कापूस ठेवून दोरा ओढला की डोके तयार, आणि वरचे दोन कोपरे आपोआप कान होतात. खालचा भाग शिवून भरला की धड. ज्या कोणा बाईला हे पहिल्यांदा सुचले तिचे नाव कुठेच नाही. क्रोशात भूमिती आणखी स्वच्छ दिसते: मधल्या वर्तुळात सहा मुके खांब, पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, मग चोवीस. दर फेरीला सहा वाढवत गेले की थाळी सपाट येते, वाढवणे थांबवले की तिची वाटी होते, घटवत नेले की चेंडू. जपानी 'अमिगुरुमी' म्हणून गेली वीसेक वर्षे जगभर गाजते आहे ती हीच युक्ती.

विणणे संपले की नवख्या बाईला वाटते, झाले. खरे तर इथून पुढे निम्मे काम असते. पूर्वी आत चिंध्या भरत, नाहीतर गादीचा कापूस. धुतल्यावर त्याच्या गाठी व्हायच्या. आता धुता येणारे पॉलिएस्टरचे तंतू मिळतात. ते चिमूट चिमूट, पिंजून भरावे लागतात. एकदम कोंबले की बदकाला खांदे फुटतात. मान सर्वात दगाबाज. तिथे घट्ट भरले नाही तर आठ दिवसांत डोके लोंबते. मग हातपाय आधी टाचण्यांनी लावून बघायचे, खेळणे बसते की कलंडते ते पाहायचे, मग शिवायचे. शेवटी डोळे. ते थोडे खाली आणि एकमेकांपासून दूर घेतले की चेहरा बाळासारखा दिसतो. वर घेतले की तोच ससा पोक्त कारकून वाटतो! म्हणून डोळे उसवून पुन्हा घातले जातात, कधी तीन-तीनदा. उरलेली टोके आत ओवून लपवायची. हे सगळे नीट झाले याची खूण एकच: काही केल्यासारखे दिसत नाही.

प्रदर्शनात हेच खेळणे हातात घेऊन गिऱ्हाईक विचारते, "याला लोकर किती लागली हो?" पन्नास ग्रॅम लागली असेल. लोकर तोलता येते. उसवलेला डोळा तोलता येत नाही.

इथे एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. दोन सुयांच्या विणकामाचे यंत्र विल्यम ली याने १५८९ सालीच केले. खऱ्या क्रोशाचे काम मात्र कारखान्यातल्या यंत्राला आजही जमलेले नाही. म्हणजे बाजारात क्रोशाचे अस्वल कितीही स्वस्त दिसले, तरी ते चीनमध्ये असो की आणखी कुठे, कोणाच्या तरी हातांनीच विणलेले आहे. ती किंमत कमी कशी झाली, हे कोडे मग फार अवघड राहत नाही. जर्मनीच्या मार्गारेटे श्टाइफ यांनी १८८० साली फेल्टच्या कापडाचा हत्ती केला, तोही टाचण्यांची उशी म्हणून. मुलांनी तो खेळायला घेतला आणि त्यातून मोठा कारखाना झाला. फेल्ट कापता येते, मशीनवर शिवता येते. क्रोशाच्या हत्तीला ती वाट बंद आहे.

आता कायद्यानेही या खेळण्याकडे पाहिले आहे. १ जानेवारी २०२१पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना मानक ब्यूरोची खूण सक्तीची झाली. हेतू योग्यच आहे. तान्ह्या मुलाच्या तोंडात जाणारा बटणाचा डोळा हा खरा धोका असतो, आणि जाणत्या बायका लहानग्यांसाठी डोळे दोऱ्यानेच भरतात ते त्याचसाठी. पण प्रयोगशाळेतल्या चाचण्या वर्षाला चाळीस ससे विणणाऱ्या बाईला कशा परवडणार? म्हणून केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना, त्यांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांसाठी, सवलत दिली गेली. भरतकाम आणि क्रोशाच्या वस्तू हस्तकलांच्या निर्यातीच्या यादीतही स्वतंत्रपणे मोजल्या जातात. कारागिरांना 'पहचान' ओळखपत्र मिळते.

ते मिळवायचे तर आधी अर्ज करावा लागतो. आणि आजवर प्रत्येक कागदावर व्यवसायाच्या जागी 'गृहिणी' असे लिहीत आलेल्या बाईला त्या अर्जावर स्वतःला 'कारागीर' असे लिहावे लागते.